दत्तूचा हेवा

दत्तू आपटीकर गेल्याची बातमी आली तेव्हा मी राजा होतो. पौडच्या देवळासमोर मांडवात आमच्या नाटकाची तालीम चालू होती. अंगावर बायकोचा शालू उलटा पांघरलेला, ओठावर डिंकानं चिकटवलेली मिशी, आणि प्रधानाला देहदंड देण्याचं माझं सर्वांत आवडतं भाषण मी नुकतंच सुरू केलं होतं. तेवढ्यात पुण्याहून आलेला टांगेवाला मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिला आणि टांग्याचं चाक निखळल्याचं सांगावं तशा आवाजात म्हणाला, "आपटीकर मास्तर गेले सकाळी. तापानं." प्रधान उठला, सेनापती उठला, पेटीवाल्यानं पेटी मिटली, समोर बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून घराकडे निघाल्या, आणि सिंहासनावर मी एकटा उरलो. रडताही येईना, कारण ओठ थरथरला की मिशी सुटत होती. त्या क्षणी मनात आलेला पहिला विचार जसा आला तसा सांगतो... जाता जाता ह्यानं माझे प्रेक्षकही नेले.

काही आठवडे गेले आता. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दलचा हेवा ओसरतो असं जाणते लोक सांगतात. मला तसा काही अनुभव नाही. उलट दत्तू जिवंत होता तोवर निदान त्याचं नाक लांब आहे, त्याला गाणं कळत नाही, त्याचं धोतर नेहमी एका बाजूनं लोंबतं, अशा गोष्टींचा आधार होता. आता लोक त्याच्या नाकाबद्दलही हळहळून बोलतात.

आम्ही दोघं मास्तरकी शिकायला पुण्याला एकाच खोलीत राहिलो, एकाच खाणावळीत जेवलो. जेवणं झाली की मी नकला करायचो. आमचे गुरुजी, खाणावळीचा मालक, मालकाची सासू, कोणी सुटत नसे, आणि माणसं पोट धरून हसायची. हसून झालं की तीच माणसं आपलं दुखणं घेऊन दत्तूकडे जायची. वाढपी त्याला मुलीच्या लग्नाची काळजी सांगायचा, मालकाची सासू सुनेबद्दल सांगायची. मला टाळ्या आणि त्याला घरचा मुरांबा, अशी आमची वाटणी ठरूनच गेली. मी एकदा त्याला विचारलंही, की तुझ्यात असं काय आहे? त्यानं थोडा विचार केला आणि मुरांब्याची वाटी माझ्याकडे सरकवली. ह्याला काय म्हणावं...

पुढं तो पुण्याच्या एका शाळेत लागला आणि मी मुळा नदीच्या काठच्या एका गावी आलो. गावाचं नाव देत नाही, कारण आता ते फक्त माशांच्या उपयोगाचं आहे. शाळा सरकारी नव्हती. गावानं वर्षाचा भात ठरवून मला ठेवलं होतं, वर एक खाचर कसायला दिलं होतं, आणि त्याचा बांध दर पावसाळ्यात न चुकता फुटायचा. पोरांना मी बाराखडी शिकवायचो, मोठ्यांना संध्याकाळी गोष्टी सांगायचो. मग धरणाचं ठरलं. सत्याग्रह झाला, खोऱ्यातली माणसं कामावर जाऊन आडवी पडली, तुरुंगात गेली, परत आली, पुन्हा गेली. ते सगळं तुम्ही वर्तमानपत्रांतून वाचलं आहे. पण एक वेळ अशी आली, की पाणी येणार हे शेंबड्या पोरालाही कळून चुकलं, आणि मग घराघरांत एकच प्रश्न उरला. भात गेला, तर आपण कोण?

ह्याच वेळी पुण्यातल्या एका मंडळानं दत्तूला आमच्याकडे पाठवलं. काम असं, की उठणाऱ्या प्रत्येक घरातल्या माणसाला काय येतं ह्याचा अभ्यास करायचा. असं संकट आलं की माणसाच्या जमिनीचा हिशेब होतो, हाताचा होत नाही, तो आपण करू, असं मंडळाचं म्हणणं होतं. ज्याच्या हातात कसब असेल त्याची शिफारस करून त्याला तसं काम मिळवून द्यायचं, आणि ज्याच्या हातात नसेल त्यानं जिथं माती वाहायला माणसं लागतील तिथं जायचं. म्हणजे दत्तू ज्याच्या नावापुढं जे लिहील त्यावर त्या माणसाचा उरलेला जन्म ठरणार होता. हे त्याला कळत होतं. आल्या दिवशी तो माझ्या पडवीत बसून नीट जेवला नाही, आणि आमचं कुटुंब मलाच बोललं, की भाऊजींना काहीतरी लागेल असं तुम्हीच बोलला असाल.

पहिलं त्यानं विचारलं धोंडिबाला. उन्हानं काळाठिक्कर पडलेला, उंचनिंच गडी, दगडाचे बांध घालण्यात खोऱ्यात त्याच्या तोडीचा माणूस नाही. दत्तूनं विचारलं, तुम्हाला काय येतं?

"भात."

"आणखी?"

"भातच की. दुसरं काय येनार आमाला?"

"तुमचे बांध चांगले असतात म्हणे."

"कुटलं चांगलं. हाय आपलं दगडावर दगूड."

दत्तू घरोघर फिरला आणि घरोघर हेच ऐकून आला. आता ह्यात लबाडी कसलीच नव्हती. आमच्याकडे आपल्या तोंडानं आपलं चांगलं म्हणायची रीतच नाही. कणगी काठोकाठ भरलेली असली तरी विचारणाऱ्याला 'खाऊन ऱ्हाईल येवढं हाय' असंच सांगायचं. चांगलं म्हटलं की दृष्ट लागते, आणि दृष्ट लागली की जे आहे ते जातं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. पुण्याच्या माणसानं विचारलं म्हणून ते एका दिवसात कसं सुटणार? शिवाय सगळंच जायला निघालेलं, तेव्हा हाती उरलेल्याला जास्तच जपायचं. दत्तूच्या कागदावर सारं गाव बिनकसबाचं ठरत होतं. मंडळाच्या हिशेबानं सगळ्यांच्या डोक्यावर पाटी.

त्या संध्याकाळी तो पडवीत कागद पुढ्यात घेऊन बसला होता आणि मी माझ्या स्वभावाप्रमाणे त्याच्यावर घसरलो होतो. म्हटलं, तुझं बरं आहे बाबा, परक्या गावात आलास तरी ताक तुला आधी मिळतं. त्यानं मान वर केली आणि विचारलं, "शंभू, माझ्या कशाकशावर जळतोस तू? सगळं सांग."

असा प्रश्न मला जन्मात कोणी विचारला नव्हता. मी पाटाला पाट जोडून बसलो आणि सुरू झालो. मुरांब्यापासून काढलं. त्याचं अक्षर, त्याची झोप, म्हाताऱ्या बायका त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात ते, रागावलेला माणूस त्याच्याजवळ बसला की आवाज खाली येतो ते, एकदा ऐकलेलं नाव तो विसरत नाही ते. भात थंड झाला, कुटुंब दोनदा दारात येऊन गेलं, मी थांबलो नाही. दत्तू एकटक माझ्याकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "माझी इतकी चांगली शिफारस आजवर कोणी केली नाही रे." आणि हसत सुटला. मला तेव्हा कळलंच नाही, की माझ्या पानातून तो काय उचलून घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चिमाबाईच्या ओट्यावर जाऊन बसला. ही धोंडिबाची शेजारीण, विधवा, जिभेनं तिखट. मी गंमत बघायला बरोबर होतोच. दत्तूनं तिला काय येतं हे विचारलंच नाही. गावात कोणाचं बघून जीव जळतो, एवढंच विचारलं. चिमाबाईनं आधी माझ्याकडे पाहिलं, असलं विचारणारा माणूस धड आहे ना, अशा नजरेनं. मग नाकाचा शेंडा लाल झाला तिचा.

"त्या धोंड्यावर. वरल्या अंगाला त्याचं खाचर. पावसात समद्या शिवाराचं बांध फुटत्यात, त्याचा म्हनून एक दगूड हालत न्हाई. दोरी न्हाई, वळंबा न्हाई, नुस्तं डोळं बारीक करून बगतो अन् ठेवतो. मुडद्याच्या हाताला काय लागलंय देवाला ठावं."

तिथून दत्तू उठला तो धोंडिबाकडे. धोंडिबा बराच वेळ तंबाखू मळत राहिला, आणि मग म्हणाला, "ती बाई? तिच्या बियान्याला किडा लागत न्हाई. आमच्या कनगीत जाळी धरती, हिचं बियानं पोरीच्या दातावानी. राख घालती का पाला घालती, सांगत न्हाई कुनाला. लई आतल्या गाठीची हाय."

पुढं गाव असं काही खुललं म्हणता! स्वतःचं चांगलं सांगायला बंदी होती, दुसऱ्याच्या चांगल्यावर चरफडायला कसली आली बंदी? भावाभावांनी एकमेकांवर चरफडून घेतलं, जावाजावांनी घेतलं. कोणाच्या हातचा बैल दोन दिवसांत वळतो, कोणाची दोरी तुटत नाही, कोणाच्या घोंगडीतून पाणी झिरपत नाही, सगळं बाहेर आलं, शिव्यांसकट. लोक दत्तूची वाट अडवून सांगायला लागले, की पंत, कालचं एक राहिलं माझं. पाणी वर चढत होतं आणि गाव आपण किती गुणी आहोत हे पहिल्यांदाच ऐकत होतं, तेही शिव्यांतून.

आणि मी? मी जळत होतो. माझ्या जळण्यावरून ह्याला युक्ती सुचावी, आणि वाहवा ह्याची व्हावी! पण त्याहून मोठी गोष्ट दुसरी होती. गावाबरोबर माझी शाळाही बुडणार होती. वर्षाचा भात देणारं गावच राहणार नव्हतं, मग मास्तर कसला? धोंडिबाला बांध होते, चिमाबाईला बियाणं होतं, मला काय होतं? दत्तू सगळ्यांना त्यांचा हात परत देत सुटला होता आणि माझ्या दारावरून रोज पुढं जात होता. शेवटी मीच त्याला गाठलं आणि विचारलं, माझ्यावर कोणकोण जळलं?

तो नजर चुकवू लागला तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

"कोणी नाही, शंभू. तुझं नाव काढलं की हसतात सगळे. जळत कोणी नाही."

मी त्याच्याशी बोलणं टाकलं. कुटुंब म्हणालं, भाऊजींनी मला विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं. त्या दिवशी मी तिच्याशीही बोललो नाही.

पाणी आलं. आम्ही पौडला कुटुंबाच्या मामांच्या दोन खोल्यांत जाऊन राहिलो, आणि मी मामांच्या ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नकला करू लागलो. दुसरं काही करायला नव्हतंच. दत्तूनं पुण्यात एका सभेत आपल्या अभ्यासावर निबंध वाचला. बोलत नव्हतो तरी मी गेलो, मागच्या बाकावर बसलो. ओढवलेल्या संकटात माणसाचं कसब कसं ओळखावं, ह्यावर तो तासभर बोलला, आणि ही रीत आपल्याला 'एका परिचित गृहस्थांच्या मत्सरावरून' सुचली असं त्यानं सांगितलं. सभेनं टाळ्या वाजवल्या. परिचित गृहस्थ! नाव घ्यायला तोंड दुखत होतं?

त्यानंतर एका सकाळी तो मामांच्या ओट्यापुढं उभा राहिला. बस म्हटलं नाही तरी बसला. म्हणाला, "बावधनला चल." मी विचारलं, कशाला? तो म्हणाला, धोंडिबा पाटी वाहतोय.

पौडच्या रस्त्याला बावधनापाशी दरडीला लागून भिंत घालायचं काम चाललं होतं. दत्तूनं धोंडिबाला शिफारस देऊन तिथं गवंड्यांत पाठवलं होतं. मुकादमानं त्याला विचारलं होतं, भिंत घालता येते का? आणि धोंडिबानं सांगितलं होतं, "हाय आपलं कसंबसं." मुकादम परमुलखातला. त्याच्याकडे कसंबसं म्हणणाऱ्याला खरोखरच कसंबसं येतं. त्यानं पाटी दिली. दत्तू स्वतः जाऊन त्याला सांगून आला होता, पण शिफारस घेऊन येणारी माणसं मुकादम रोज बघत होता. धोंडिबावर चरफडणारं सारं गाव पांगलं होतं, आणि ह्या नव्या जागी त्याला ओळखून जळणारा एकही माणूस नव्हता. असाच राहिला तर दोन पावसाळ्यांत तो स्वतःसुद्धा आपलं कसब विसरून जाईल, असं दत्तू वाटेत म्हणाला.

आम्ही पोचलो तेव्हा धोंडिबा वाकून मातीची पाटी उचलत होता. आम्हाला बघून त्यानं मान खाली घातली. त्या मानेकडे मला बघवेना. दत्तू माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, "शंभू, जळ."

आता सांगतो, आजवर मी राजे केले, राक्षस केले, एकदा नायिकासुद्धा केली, पण त्या दिवशी रस्त्याच्या कडेला केलेलं काम पुन्हा होणे नाही. मी मुकादमाच्या शेजारी दगडावर बसलो, त्याच्याकडून विडी मागितली, आणि धोंडिबाकडे बघून पचकन थुंकलो. मुकादम म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, "तो हरामखोर तुमच्याकडे आहे होय? ह्याच्यापायी मी गावात तोंड काढू शकलो नाही." मग काढलं. माझं खाचर खाली, ह्याचं वर. माझा बांध दर पावसात फुटणार, ह्याच्या बांधातून मुंगी जाणार नाही. माझी बायको रोज सकाळी त्याचा बांध बघून माझ्याकडे बघणार. मी दोरी लावून, देवाला नारळ फोडून दगड बसवणार आणि हा नुसता एक डोळा मिटून. बोलता बोलता मला खरंच रडू आलं, कारण ह्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. गवंडी थापी खाली ठेवून ऐकू लागले. मुकादमानं विडी विझू दिली आणि हाक मारली, "ए, धोंडिबा. पाटी ठेव. हे दगड लाव बघू इतकं."

धोंडिबानं पाटी ठेवली. डोळे बारीक केले. पहिला दगड ठेवला, दुसरा त्याला मिठी घालावी तसा बसला. मुकादम वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "उद्यापासून इथंच." परत निघालो तेव्हा धोंडिबा वाटेत आडवा आला. आभार वगैरे आमच्याकडे मानत नाहीत. तो म्हणाला, "मास्तर, लई बोललासा. अन् तुमी कवा दोरी लावली वो? दगडं तर माज्याच पोरांनी टाकल्याती."

पौडच्या वाटेवर दत्तू म्हणाला, "तुझ्यावर कोणी जळत नाही हे खरंच आहे. पण तुझ्याइतकं मनापासून दुसऱ्यावर जळणारा ह्या खोऱ्यात दुसरा नाही. मंडळाला सांगतो, हा माणूस मला हवा." मी तोंड फिरवून चालत राहिलो. तोंड कशासाठी फिरवलं ते त्याला कळलं असणार. विचारलं मात्र नाही त्यानं.

तेव्हापासून हाच माझा धंदा झाला. भरे गावच्या एका मोठ्या बागायतदाराच्या ओसरीवर बसून मी चिमाबाईच्या बियाण्याबद्दल इतका तळतळलो, की त्यांच्या घरातल्या थोरल्या बाईंनी तिला कोठीवर ठेवून घेतली. दत्तूनं माणसं शोधायची आणि मी जाऊन जळायचं. रोज परत आलो की तो विचारायचा, "आज कोणावर?" आणि मी अंकच्या अंक करून दाखवायचो. शेवटी भेटलो तेव्हा तो पुण्याच्या खोलीत खाटेवर होता, आवाज पार बसला होता. मी माले गावाकडची हकीकत सांगितली. तो हसला, खोकला, आणि म्हणाला, "आता विचारायचंही तूच." मी म्हटलं, छे, ते मला जमणार नाही, तू बरा हो. तो काही बोलला नाही... मी मात्र बोलतच राहिलो.

दहाव्याला नदीवर पांगलेलं गाव जमलं. कोणी रडलं नाही फारसं. चिमाबाई माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बियान्याला कशाची राख घालते ते मी माज्या सक्क्या भनीला सांगितलं न्हाई. ह्या मुडद्याला कसं काय सांगून बसले, मास्तर?" ते मला ठाऊक नव्हतं. दत्तू इतकी वर्षं माझ्याशेजारी बसून ते पोटात ठेवून गेला होता. मी अजून चिमाबाईकडे बघून विचारतो आहे, कशाची? ती सांगत नाही.

गेल्या आठवड्यात मंडळानं मला मालेला पाठवलं. तिथं काही धनगरांची घरं आहेत, चराईचं रान पाण्यात गेल्यामुळं मेंढरं विकून बसलेली. देवळाच्या ओवरीत एक काळी घोंगडी अंथरलेली होती. पुजारी म्हणाला, आपटीकर मास्तर हिच्यावर बसायचे, ही त्यांचीच, न्यायची तर न्या. मी नेली नाही. तिच्यावर बसलो. समोर एक धनगरीण येऊन बसली, कडेवरचं पोर खाली ठेवलं, आणि मी दत्तूचा प्रश्न विचारला. ती काही बोलेना. पोरानं घोंगडीची दशी तोंडात घातली. मला तीन नकला आठवल्या, एक गोष्ट आठवली, तिला हसवणं दोन मिनिटांचं काम होतं. जीभ टाळ्याला लावून बसलो. देवळाची सावली ओवरीत आली. ती बाई डोंगराकडे बघत होती. माझ्या कपाळावरून घाम खाली आला तरी मी हललो नाही. बऱ्याच वेळानं तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "तसं बगाया गेलं तर माज्या जावंवर... तिच्या हातावर मेंढरू पान्हा चोरत न्हाई." आणि बोलत गेली.

हे एवढं गप्प बसणं दत्तूला रोज जमायचं, घरोघर, वर्षानुवर्षं. कसं जमायचं मेल्याला...